खांद्यातलं कॅल्शियम: दुखणं पुन्हा पुन्हा का उसळतं आणि काय तपासायचं

हे दुखणं दोन रूपांत येतं, आणि एकाच माणसाला ती दोन्ही वेगवेगळ्या वेळी भेटू शकतात. म्हणून आधी लक्षणं नीट वाचा.

पहिलं रूप कुरकुरीचं. खांद्याच्या बाहेरच्या बाजूला, दंडाच्या वरच्या भागात बोथट दुखत राहतं. बोट ठेवून "इथेच" असं दाखवता येत नाही, माणूस सगळा तळहात दंडावर फिरवतो. हात बाजूनं वर नेताना सुरुवातीला काही होत नाही. साधारण ६० ते १२० अंशांच्या टप्प्यात चमक येते आणि हात त्याच्या वर गेला की ती ओसरते. बाहीत हात घालताना, केस विंचरताना, वरच्या फळीवरचा डबा काढताना कळ येते. त्या कुशीवर झोपलं की तासाभरात जाग येते. असं महिनोन् महिने चालतं, मध्ये काही आठवडे बरे जातात आणि कारण सापडत नसताना पुन्हा सुरू होतं.

दुसरं रूप हल्ल्याचं. संध्याकाळी खांदा जरा अवघडल्यासारखा वाटतो आणि पहाटेपर्यंत हात अंगापासून हलवता येत नाही. ठणका इतका असतो की आडवं होता येत नाही, रात्र खुर्चीत बसून काढावी लागते. रुग्ण दुसऱ्या हातानं कोपर पोटाशी घट्ट धरून येतो आणि कोणी खांद्याला हात लावायला गेलं की मागे सरकतो. पडल्याचं, मार लागल्याचं काही आठवत नाही. एक्स-रे काढला की खांद्याच्या हाडावर पांढरा ठिपका दिसतो, आणि "कॅल्शियम साठलंय" हे शब्द पहिल्यांदा कानावर पडतात.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. हेच दुखणं घेऊन येणारी माणसं मी बरीच वर्षं बघतोय, आणि त्यातली पुष्कळशी दुसऱ्या-तिसऱ्या वेळेला आलेली असतात. त्यांना मी जे क्रमानं सांगतो ते इथे लिहितो. सोपं आणि बिनखर्चाचं आधी, सुई आणि शस्त्रक्रिया शेवटी.

आत नेमकं काय चाललेलं असतं

हे दोन परिच्छेद वगळू नका, पुढची प्रत्येक तपासणी यावर उभी आहे.

खांद्याचा गोळा खोबणीत धरून ठेवणारे चार स्नायू आहेत. त्यांच्या टोकाचे पट्टे, म्हणजे टेंडन, गोळ्याभोवती आवरणासारखे बसतात. त्या सगळ्याला रोटेटर कफ म्हणतात. सगळ्यात वरचा सुप्रास्पायनेटस, आणि कॅल्शियम सर्वाधिक वेळा त्याच्याच टेंडनमध्ये साठतं, हाडाला चिकटण्याच्या जागेपासून साधारण एक-दीड सेंटिमीटर अलीकडे. साठतं ते हायड्रॉक्सीॲपेटाइट, आपल्या हाडा-दातांत असतं त्याच जातीचं खनिज. ते जेवणातून किंवा गोळीतून तिथे जाऊन बसत नाही. टेंडनच्या पेशी कूर्चेच्या पेशींसारख्या वागू लागतात आणि स्वतःच्या आसपास हे स्फटिक जमवतात. तिशी ते साठीच्या दरम्यान हे जास्त दिसतं, आणि बायकांमध्ये पुरुषांपेक्षा थोडं अधिक.

उथॉफ नावाच्या कॅनडातल्या सर्जननं या प्रवासाचे टप्पे मांडले, ते रोजच्या कामात फार उपयोगी पडतात. आधी साठा तयार होतो, तेव्हा तो खडूसारखा कोरडा असतो. मग तो तसाच पडून राहतो, कधी कधी वर्षानुवर्षं. नंतर शरीर तो विरघळवायला घेतं. तिथे नव्या रक्तवाहिन्या शिरतात, स्फटिक गिळणाऱ्या पेशी येतात, खडूची टूथपेस्ट होते, टेंडनच्या आतला दाब वाढतो आणि कधी ती पेस्ट वरच्या पातळ पिशवीत, म्हणजे बर्सात, फुटते. शेवटी टेंडन स्वतःला दुरुस्त करतं. वर सांगितलेला भयंकर हल्ला बहुतेक वेळा या विरघळण्याच्या टप्प्यातला असतो. म्हणजे ज्या आठवड्यात माणसाला वाटतं की खांदा कायमचा गेला, त्याच आठवड्यात बऱ्याचदा आजार निघून जायला लागलेला असतो. हे ऐकून वेदना कमी होत नाही हे मला ठाऊक आहे. पण भीती कमी होते, आणि घाईचे निर्णय टळतात.

तपासणी १: हे नक्की खांद्याचंच आहे का?

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं, आणि चुकली तर सगळ्यात महाग पडणारी तपासणी हीच.

हात शांत ठेवून हळूहळू खांदा हलवा. खांदा हलवल्यावर दुखणं स्पष्ट वाढत असेल तर मूळ खांद्यात असण्याची शक्यता जास्त. खांदा कसाही हलवला तरी दुखण्यात फरक नाही, पण मान वळवली की कळ दंडातून कोपराखाली बोटांपर्यंत जाते आणि मुंग्या येतात, तर मानेची नस आधी तपासायला हवी. डाव्या खांद्यासोबत छातीत दडपण, घाम, धाप, मळमळ किंवा जबड्यात दुखणं असेल तर हा लेख इथेच सोडा आणि तातडीच्या विभागात जा. हृदयविकार असाही येतो. "माझ्या खांद्यात आधीपासून कॅल्शियम आहे" म्हणून थांबून राहणं ही सगळ्यात धोकादायक चूक, कारण जुना रिपोर्ट असलेल्या माणसालाही हृदयविकार होऊ शकतो. उजव्या खांद्याच्या टोकाला दुखणं आणि सोबत उजव्या बरगडीखाली, विशेषतः जेवणानंतर, कळ असेल तर पित्ताशयाकडे बघावं लागतं.

खांदा लाल आणि गरम झालाय, सोबत ताप किंवा हुडहुडी आहे, तर सांध्यातला जंतुसंसर्ग वगळेपर्यंत दुसरं काही करायचं नाही. कॅल्शियमच्या हल्ल्यातही खांदा थोडा गरम लागतो, क्वचित अंग कोमट होतं, म्हणून यातला फरक घरी ठरवायला जाऊ नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. पडल्यानंतर किंवा झटका बसल्यानंतर हात अचानक उचलताच येईनासा झाला असेल, तर टेंडन फाटलंय का किंवा हाड मोडलंय का हे बघावं लागतं.

तपासणी २: हात तुम्हाला उचलता येत नाही, की कोणालाच उचलता येत नाही?

खुर्चीत बसा, कोपर कमरेला चिकटवा, कोपरात काटकोन करा आणि पुढचा हात बाहेरच्या बाजूला फिरवा, दार उघडल्यासारखा. मग घरातल्या कोणाला तरी तोच हात हळुवार बाहेर फिरवायला सांगा. दुसऱ्यानं फिरवल्यावर तो जवळजवळ चांगल्या हाताइतका जात असेल, तर सांधा मोकळा आहे, अडचण टेंडनमध्ये आहे. दुसऱ्यानं फिरवला तरी भिंत लागल्यासारखा अडकत असेल, तर तो फ्रोझन शोल्डर, म्हणजे सांधाच आवळून आखडलेला, असू शकतो.

हा फरक मी इतका का धरून बसतो? कारण दोन्ही दुखण्यांत रात्री झोप मोडते, दोन्हींत हात वर जात नाही, आणि एक्स-रेमध्ये छोटा ठिपका दिसला की सगळा दोष त्याच्या माथी मारला जातो. ठिपका मुकाट पडून राहिलेला असू शकतो, दुखणारा सांधा मात्र आवळलेला असतो. अशा वेळी ठिपक्याच्या मागे लागून महिने जातात आणि सांधा आणखी आवळतो. हल्ल्याच्या पहिल्या काही दिवसांत मात्र ही चाचणी करू नका. तेव्हा सगळंच दुखतं, उत्तर खोटं येतं. आठवडाभर थांबून करा.

तपासणी ३: तारखा लिहून काढा

एक कागद घ्या. पहिल्यांदा कधी दुखलं, किती दिवस टिकलं, मधला बरा काळ किती, या वेळी कशानंतर उसळलं, रात्री किती वेळा जाग येते, हे सगळं लिहा. सांगताना लोक "दोन वर्षं सारखं दुखतंय" म्हणतात. लिहायला बसलं की निघतं, सहा आठवडे दुखलं, पाच महिने ठीक, मग चार दिवस असह्य, मग पुन्हा ठीक. त्या "चार दिवस असह्य"ला फार महत्त्व आहे. तो विरघळण्याचा टप्पा असेल तर त्यानंतरचा एक्स-रे आधीच्यापेक्षा वेगळा दिसू शकतो, आणि जुन्या फिल्मवर बेतलेला उपचार चुकीचा ठरतो.

एक शिक्षिका आठवतात. दीड वर्षापूर्वीची फिल्म घेऊन आल्या होत्या, शस्त्रक्रिया करावी का विचारायला. कागदावर लिहायला लावलं तेव्हा मध्ये एका आठवड्याचा जबर हल्ला निघाला. नवा एक्स-रे काढायची विनंती केली. ठिपका जवळपास गेलेला होता. उरलेलं दुखणं महिनोन् महिने हात जपून ठेवल्यानं आलेल्या अशक्तपणाचं होतं, ते व्यायामानं गेलं.

तपासणी ४: झोपायची पद्धत आणि दिवसातली कामं

पुन्हा पुन्हा उसळण्याचं सगळ्यात साधं कारण इथे सापडतं, म्हणून इथे घाई करू नका.

दुखऱ्या कुशीवर झोपणं बंद, हे सगळ्यांना कळतं. पण चांगल्या कुशीवर झोपल्यावर दुखरा हात छातीवरून पुढे लोंबतो आणि टेंडन रात्रभर ताणलं जातं, हे कळत नाही. छातीशी उशी धरा आणि हात तिच्यावर टेकवा. पाठीवर झोपत असाल तर कोपराखाली घडी केलेला टॉवेल ठेवा, कोपर अंगाच्या रेषेपेक्षा मागे जाऊ देऊ नका. हाताची उशी करून, डोक्याखाली घेऊन झोपण्याची सवय असेल तर ती मोडा. हल्ल्याच्या दिवसांत आरामखुर्चीत अर्धवट बसून झोपणं जास्त सुसह्य होतं.

दिवसातली कामं बघताना वजनापेक्षा उंची आणि अंतर बघा. अंगाजवळ धरलेली पाच किलोची पिशवी चालते, हात लांब करून खांद्याच्या उंचीवर धरलेला फोन चालत नाही. कोपर जितकं अंगापासून दूर आणि वर, तितका त्या टेंडनवर भार आणि वरच्या हाडाखाली दाटी. संगणकावर माऊस लांब ठेवणं, गाडी चालवताना स्टीअरिंगच्या अगदी माथ्यावर हात ठेवणं, फळ्यावर सलग लिहिणं, छत पुसणं, या कामांची यादी करा आणि दोन आठवडे त्यातली निम्मी कमी करा किंवा शिडीवर चढून हाताच्या टप्प्यात आणा. दोन आठवड्यांत रात्रीची जाग कमी झाली, तर तुमचं उत्तर बऱ्याच अंशी मिळालं.

एक गोष्ट मनातून काढून टाका, की तुम्ही जड काम केलं म्हणून कॅल्शियम साठलं. बसून काम करणाऱ्यांमध्येही ते भरपूर सापडतं. १९४१ साली बॉसवर्थ या अमेरिकन सर्जननं कार्यालयात काम करणाऱ्या सहा हजारांहून अधिक लोकांचे खांदे तपासले, तेव्हा २.७ टक्के लोकांत असे साठे दिसले. त्यातल्या बऱ्याच जणांना खांद्याची काही तक्रारच नव्हती. काम साठा तयार करत नाही. असलेला साठा चिडवण्याचं काम मात्र ते करतं.

कॅल्शियमच्या गोळ्या आणि दूध

बंद करू नका. रक्तातलं कॅल्शियम या आजारात सहसा अगदी व्यवस्थित असतं. गोळ्या बंद केल्यानं खांद्यातला साठा विरघळत नाही, हाडांचं मात्र नुकसान होऊ शकतं. डॉक्टरांनी हाडांसाठी गोळ्या दिलेल्या असतील तर त्या त्यांनाच विचारून थांबवायच्या.

तपासणी ५: आराम किती आणि शेक कोणता

हल्ल्यात पहिले दोन-तीन दिवस हात झोळीत ठेवायला हरकत नाही. त्याच्या पुढे नको. तीन आठवडे झोळीत ठेवलेला खांदा घेऊन माणसं येतात, तेव्हा मूळ ठणका गेलेला असतो आणि आखडलेला सांधा हे नवं दुखणं उभं राहिलेलं असतं. "पुन्हा दुखायला लागलं" यातला मोठा भाग हाच.

हल्ल्यात बर्फ, कापडात गुंडाळून, १० ते १५ मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. थेट कातडीवर नको. जुनाट कुरकुरीत गरम शेक बरा वाटत असेल तर तो घ्या, त्यानं साठा विरघळत नाही पण आखडलेले स्नायू सैल होतात. हल्ल्याच्या दिवसांत जोरात मालिश आणि खांदा "मोकळा करून देण्यासाठी" झटके देणं पूर्णपणे बंद. दाबाखाली असलेल्या टेंडनवर आणखी दाब दिला तर काय होतं ते मी बघितलंय, तो माणूस रडत आला होता.

सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या हल्ल्यात खरोखर उपयोगी पडतात. पण पोटात व्रण, मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा आजार, वाढलेला रक्तदाब, रक्त पातळ करणारं औषध किंवा गर्भारपण यातलं काही असेल तर मनानं एकही गोळी नको. बाकीच्यांनीही डॉक्टरांना विचारून, ठरावीक दिवसच घ्यावी.

तपासणी ६: हालचाल, पण टप्पा ओळखून

माझ्या अनुभवात सगळ्यात जास्त चुका इथे होतात, आणि त्या मेहनती माणसांकडून होतात. हल्ला चालू असताना रबराचा पट्टा ओढायला घ्यायचा आणि हल्ला गेल्यावर "आता बरं आहे" म्हणून व्यायाम सोडून द्यायचा. करायचं असतं नेमकं उलट.

हल्ल्यात फक्त पेंडुलम. बॉस्टनचे सर्जन कॉडमन यांच्या नावानं ओळखला जाणारा हा व्यायाम शंभर वर्षांच्या आसपास जुना आहे आणि अजून टिकून आहे. चांगला हात टेबलावर टेकवून पुढे वाका, दुखरा हात दोरीसारखा लोंबू द्या. हात फिरवायचा नाही. कंबर आणि पाय हलवा, हात आपोआप झुलेल. वर्तुळ लहान ताटाएवढं पुरे. एक-दोन मिनिटं, दिवसातून तीन-चार वेळा. हाताच्या स्वतःच्या वजनानं गोळा किंचित खाली ओढला जातो, वरची दाटी कमी होते, आणि टेंडनवर भार न टाकता सांधा हलता राहतो. हात लोंबवणंसुद्धा सोसत नसेल तर एक दिवस थांबा, जबरदस्ती नको.

ठणका उतरला की टेबलावर कापड ठेवून हात पुढे सरकवणं, मग पाठीवर झोपून चांगल्या हातानं दुखरा हात वर नेणं. रात्रीची झोप लागायला लागली की मगच ताकद. सुरुवात न हलवता करायची: कोपर आणि कमरेच्या मध्ये टॉवेलची गुंडाळी, कोपरात काटकोन, भिंतीशी आडवं उभं राहून मनगटाची बाहेरची बाजू भिंतीवर दाबायची, पाच सेकंद, दहा वेळा. पूर्ण जोर नको, साधारण एक तृतीयांश. दोन आठवडे हे शांतपणे जमलं की रबराचा हलका पट्टा. सोबत फऱ्याचे, म्हणजे खांद्यामागच्या चपट्या हाडाचे, स्नायू: दोन्ही फरे मागे-खाली ओढून धरायचे. फरा नीट फिरला नाही तर गोळ्याच्या वरची जागा अरुंद होते.

मोजायचं कसं? शून्य ते दहा असं दुखणं धरा. व्यायाम करताना तीन-चारपर्यंत चालेल. पण त्या रात्री जाग वाढली किंवा सकाळी खांदा आदल्या दिवसापेक्षा वाईट असेल, तर पुढच्या वेळी निम्मं करा. व्यायाम बंद करू नका, निम्मा करा. ताकदीचा कार्यक्रम किमान १२ आठवडे चालवायचा. तीन आठवड्यांत बरं वाटतं आणि लोक सोडतात, मग सहाव्या महिन्यात तेच लोक परत येतात.

तपासणी ७: रक्ताच्या दोन साध्या चाचण्या

साखर आणि थायरॉइड. दोन्ही स्वस्त, आणि खांद्याचं दुखणं पुन्हा पुन्हा येत असेल तर कराव्यातच. मधुमेह आणि थायरॉइडच्या बिघाडात खांद्यातला साठा जास्त आढळतो, आणि मधुमेहात फ्रोझन शोल्डरही जास्त होतो. शिवाय पुढे स्टेरॉइडचं इंजेक्शन द्यायची वेळ आली तर साखर आधीच माहीत असायला हवी, कारण त्या इंजेक्शननं मधुमेहींची साखर काही दिवस चढते.

तपासणी ८: फोटो, योग्य तो आणि योग्य वेळी

सुरुवात साध्या एक्स-रेनं. हात सरळ, आतल्या बाजूला वळवून आणि बाहेर वळवून अशा वेगवेगळ्या स्थितींत काढलेला हवा. एकाच स्थितीत काढला तर साठा हाडाच्या सावलीत लपून राहतो. फिल्मवर ठिपक्याची कड बघायची. खडूनं रेखल्यासारखी ठळक, भरीव कड म्हणजे साठा अजून कोरडा, पडून राहिलेला. ढगासारखी धूसर, मधूनच विरळ कड म्हणजे विरघळण्याकडे निघालेला. हे दोन्ही रिपोर्टमध्ये एकाच शब्दांत "कॅल्सिफिकेशन" म्हणून येतात. म्हणून मी फक्त रिपोर्ट कधीच बघत नाही, फिल्म मागतो.

सोनोग्राफी दुसरी. साठा नेमका कोणत्या टेंडनमध्ये आहे, शेजारी टेंडन फाटलंय का, बर्सात पाणी आहे का, हे हलत्या खांद्यावर दिसतं आणि किरणांचा संपर्क नाही. एमआरआय सगळ्यात महाग असूनही कॅल्शियमसाठी पहिली निवड नाही. त्यात साठा काळा दिसतो, टेंडनही काळं, त्यामुळे छोटा साठा नजरेतून निसटतो. हल्ल्याच्या दिवसांत आजूबाजूची सूज त्यात इतकी दिसते की दुसराच गंभीर आजार असावा असं वाटून घबराट उडते. टेंडन फाटल्याची शंका असेल तेव्हा एमआरआयला अर्थ आहे.

आणि एकदा साठा दिसला म्हणून दर दोन महिन्यांनी फोटो काढत बसू नका. ठिपका किती मिलिमीटरचा यावर दुखणं ठरत नाही. मोठा ठिपका घेऊन निवांत जगणारी माणसं आहेत. दुखणं बदललं, तर नवा फोटो.

इथून पुढे तुमच्या हातात नाही

यापुढचं सगळं हाडांच्या डॉक्टरांनी किंवा रेडिओलॉजिस्टनी करायचं असतं. तरी काय विचारायचं ते माहीत असावं.

बर्सात दिलेलं स्टेरॉइडचं इंजेक्शन सूज आणि रात्रीचा ठणका उतरवतं, सहसा काही आठवड्यांपुरतं. साठा ते काढत नाही. असह्य हल्ल्यात मी स्वतः रुग्णाला त्यासाठी पाठवतो, कारण चार रात्री न झोपलेल्या माणसाला "आपोआप विरघळेल" सांगून घरी पाठवणं निर्दय आहे. पण दर उसळीला इंजेक्शन, असं व्हायला लागलं तर थांबून पुन्हा पहिल्या तपासणीपासून बघायला हवं. वारंवार दिलेलं स्टेरॉइड टेंडनला चांगलं नाही.

शॉकवेव्ह, म्हणजे यंत्रानं बाहेरून साठ्यावर सोडलेल्या दाबाच्या लाटा, जुनाट, कोरड्या साठ्यासाठी. २००३ साली प्रसिद्ध झालेल्या १४४ रुग्णांच्या अभ्यासात जास्त ऊर्जेच्या लाटांनी कमी ऊर्जेपेक्षा चांगला गुण आला. म्हणून "शॉकवेव्ह घेतली, काही झालं नाही" असं कोणी म्हटलं की मी कोणत्या ऊर्जेची, किती वेळा, हे विचारतो. ती दुखते आणि नंतरचे एक-दोन दिवसही दुखतं. गर्भारपण, रक्त गोठण्याचा दोष, रक्त पातळ करणारी औषधं, त्या जागी गाठ किंवा संसर्ग असेल तर नाही. हल्ला चालू असताना तर मुळीच नको.

सोनोग्राफीत बघून सुईनं साठा धुऊन काढण्याची पद्धत बरीच प्रचारात आहे. जागा बधिर करून सुई साठ्यात घालतात, सलाइन आत-बाहेर करतात, सिरिंजमध्ये पांढरं गढूळ पाणी परत येतं. ते डोळ्यांनी बघून रुग्णाला मोठा दिलासा वाटतो, आणि कित्येकांना खरोखर बरं वाटतं. तरीही एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगायला हवी. नॉर्वे आणि स्वीडनमधल्या २२० रुग्णांवरचा अभ्यास २०२३ साली प्रसिद्ध झाला. त्यात काहींना खरी धुलाई आणि स्टेरॉइड, काहींना नुसता धुलाईचा देखावा आणि स्टेरॉइड, तर काहींना फक्त देखावा मिळाला. चार महिन्यांनी तिन्ही गटांत म्हणण्यासारखा फरक नव्हता. माझं मत त्यामुळे असं झालंय: जुनाट कुरकुरीत तीन महिने नीट व्यायाम केल्याशिवाय सुईकडे धाव घेऊ नये. साठा मऊ झालाय, दाबानं जीव नकोसा झालाय, अशा वेळी मात्र डॉक्टरांनी सुई सुचवली तर मी अडवत नाही. धुलाईनंतर काही आठवड्यांनी पुन्हा एकदा दुखणं उसळू शकतं, हे आधी माहीत असेल तर माणूस घाबरत नाही.

दुर्बिणीतून साठा काढणं सगळ्यात शेवटी. सहा महिने किंवा अधिक काळ बाकीचं सगळं मनापासून करूनही झोप आणि काम दोन्ही बिघडलेलं असेल तेव्हाच. त्यानंतरही महिनोन् महिने व्यायाम करावाच लागतो, शस्त्रक्रिया व्यायामातून सुटका देत नाही.

कधी थांबायचं आणि डॉक्टर गाठायचे

आजच्या आज: छातीत दडपण, धाप किंवा घाम, ताप आणि गरम, लाल खांदा, पडल्यानंतर हात न उचलणं, हातात अचानक अशक्तपणा किंवा बधिरपणा.

दोन-तीन दिवसांत: बर्फ आणि डॉक्टरांनी दिलेल्या गोळीनंतरही झोप अजिबात न लागणं.

दोन-तीन आठवड्यांत: विनाकारण वजन उतरणं, पूर्वी कॅन्सर झालेला असणं, किंवा खांदा हलवा न हलवा, रात्रंदिवस सारखंच आणि वाढत जाणारं दुखणं. दीर्घकाळ धूम्रपान करणाऱ्यांनी हे विशेष लक्षात ठेवावं, फुफ्फुसाच्या टोकाची गाठसुद्धा खांद्याच्या दुखण्याच्या रूपात येऊ शकते.

सहा आठवड्यांत: वरचं सगळं नीट करूनही रात्री जाग येणं काहीच कमी झालेलं नाही, किंवा तपासणी २ मध्ये हात दुसऱ्यानं फिरवूनही अडकतोय.

जाताना तारखांचा कागद, जुन्या-नव्या एक्स-रेच्या मूळ फिल्म, आधीच्या इंजेक्शनांच्या तारखा, साखर-थायरॉइडचे रिपोर्ट आणि चालू औषधांची यादी सोबत न्या. दुसऱ्या खांद्यालाही अधूनमधून दुखत असेल तर तेही सांगा, काही जणांत साठा दोन्हीकडे असतो आणि विचारल्याशिवाय कोणी ते बोलत नाही.